तिसरा रकाना

अप्पा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "खारट हाय का बघ की."

नोकरीचा पहिला दिवस होता, जेवायची सुट्टी होती. त्यांनी डब्यातल्या कडक भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि माझ्यापुढे धरला. मी पुण्यात चार वर्षं शिकून आले होते आणि चारचौघांत गोड बोलायची सवय अंगात मुरली होती. तुकडा हातात येण्याआधीच मी म्हणून टाकलं, "नाही नाही, छान झालीये." अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग गालातल्या गालात हसले, खांद्यावरच्या पिशवीतून लाल कापडी बांधणीची जाडजूड वही काढली, उलटी केली, शेवटच्या पानावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा जेवायला लागले. नंतर मी तो तुकडा खाल्ला. चटणी चांगलीच खारट होती.

आमचं ऑफिस म्हणजे सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत तीन खोल्या. माणसं सात. आम्ही वेबअसेम्ब्लीचा रनटाइम बनवायचो. हे काय असतं ते सांगताना माझ्या आईची दमछाक व्हायची. ती शेजारणींना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर भागवायची. मीही कधी कुणाला धड समजावू शकले नाही. अप्पांनी मात्र पहिल्याच आठवड्यात ते मला, म्हणजे त्याच विषयात पदवी घेतलेल्या मला, समजावून सांगितलं.

"हे बघ. गिरणीत आमी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. त्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली की चादरीत मोर निघायचा. तुजं वेबअसेम्ब्ली म्हंजे ती माळ. एकदा पाडली की झालं. आन् आपला रनटाइम म्हंजे माळ वाचनारं वरचं यंत्र. माग कुटल्याबी कंपनीचा असू दे, माळ तीच. खरं..." हे 'खरं' म्हणजे 'पण'. अप्पा अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. तो शब्द ते चांगला लांबवायचे. "खरं, माळ तीच हाय म्हनून मोरबी त्योच निघंल, असं कुनी सांगितलं?"

तो मोर तोच निघतो का, हे बघणं हे त्यांचं काम. आमचा रनटाइम कुठल्या यंत्रावर चालतो आणि कुठल्या नाही, याचा तक्ता ते ठेवायचे. जगातल्या सगळ्या कंपन्या असला तक्ता ठेवतात आणि त्यात दोन रकाने असतात. अप्पांच्या तक्त्यात तीन होते: 'चालतं', 'चालत न्हाय' आणि 'बघितलं न्हाय'. हा तिसरा रकाना आमच्या साहेबांच्या डोळ्यांत सलायचा. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला माल विकायचा होता. तो म्हणायचा, "अप्पा, याच्या जुळ्या भावावर चालतंय ना? मग यावरही चालणारच की." अप्पा शांतपणे विचारायचे, "चालताना बघितलं का तुमी?" साहेबाने बघितलेलं नसायचं. मग ती ओळ तिसऱ्या रकान्यातच राहायची.

अप्पा पूर्वी गिरणीत मागाचे मेस्त्री होते. गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशीला आलेले. मग शाळकरी पोरांच्या शेजारी बाकावर बसून कॉम्प्युटर शिकले. मी त्यांना पाहिलं तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. कपाळाला विभूतीची तीन बोटं, पांढरा शर्ट, पायजमा आणि खांद्याला ती वहीची पिशवी. यंत्रापुढे बसताना चपला काढून ठेवायचे. मला वाटलं, भाविक माणूस, यंत्राला देव मानत असेल. एकदा विचारलंच.

"भक्ती कसली?" अप्पा म्हणाले. "पायाला हादरा कळतोय की."

खोटं नव्हतं ते. फरशीवर अनवाणी उभे राहून ते सांगायचे की कोपऱ्यातल्या यंत्राचा पंखा अडकतोय, आणि उघडून बघावं तर अडकत असायचा. एका मशीनजवळून जाताना एकदा थबकले आणि म्हणाले, "ही चार दिवसांची सोबत." आम्ही हसलो. चौथ्या दिवशी तिची डिस्क गेली. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि घरी फरशीवर अनवाणी उभी राहून फ्रिजचा हादरा कळतो का ते बघायला लागले. मला अजूनही कळत नाही.

मागची खोली त्यांची. तिला आम्ही पांजरपोळ म्हणायचो. तिथे म्हातारी, लंगडी, कुणी टाकून दिलेली सत्तर-ऐंशी यंत्रं होती, आणि प्रत्येकाला ते जिथून आलं त्या गावाचं नाव होतं. दूध डेअरीतून आलेला कॉम्प्युटर म्हणजे 'वळसंग'. अक्कलकोटच्या फोटो स्टुडिओतला म्हणजे 'अक्कलकोट'. "आज वळसंग तापलंय, त्याला हात लावू नका," असं ते ओरडून सांगायचे, आणि नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, गावात दंगल झाली. नवी कोरी मशीन घेऊ या म्हटलं तर म्हणायचे, "दुकानात जे हाय त्यावर कुनाचंबी चालतंय. लोकांच्या घरी जे हाय त्यावर चालायला पायजे." भर मे महिन्यात तपासणी करताना एसी बंद करायला लावायचे, कारण वळसंगच्या डेअरीत एसी नव्हता. आम्ही घामाघूम होऊन त्यांना शिव्या घालायचो, मनातल्या मनात.

त्या यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी एक जुनी चादर अंथरलेली असायची. अस्सल गिरणीची, जाड, विटकी. तिच्यावर मोर होते, पण एकाही मोराला डोकं नव्हतं. पिसारा, पाय, मान सगळं नीट, आणि मानेपाशी मोर संपलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नजर लागू नये म्हनून." मी ते खरं धरलं.

एकदा परदेशातल्या एका गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलणं चाललं होतं. त्याने एका प्रोसेसरचं नाव घेऊन विचारलं, तुमचा रनटाइम यावर चालतो ना? साहेबाने तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "नॉट सीन, सर."

"बट इट शुड रन?"

"शुड? दॅट कॉलम आय डोन्ट हॅव, सर."

साहेबाने कपाळाला हात लावला. पलीकडचा माणूस मात्र इतका हसला की त्याचा चष्मा पडला. त्यानंतर तो साहेबाने पाठवलेली कागदपत्रं वाचायचाच नाही. 'नॉट सीन'वाल्या गृहस्थांचा तक्ता पाठवा, एवढंच लिहायचा.

आता चिंचोळीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय अप्पा पुरे होत नाहीत, आणि ती सांगताना मला स्वतःची लाज वाटते.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्याने आमचा रनटाइम घ्यायचं ठरवलं. त्यांचे वीस माग. प्रत्येक मागाच्या बाजूला पत्र्याची एक पेटी, तिच्यात छोटा कॉम्प्युटर. पुठ्ठ्यांच्या माळेचं काम आता तो करतो. दर ओळीला कुठले दोरे उचलायचे ते मागाला सांगतो. अप्पांनी जाऊन सतरा पेट्या तपासल्या. उरलेले तीन माग मागच्या शेडमध्ये होते आणि त्या दिवशी शेडला कुलूप होतं. अप्पांनी त्या तीन ओळी तिसऱ्या रकान्यात टाकल्या आणि पुतणीच्या लग्नाला अक्कलकोटला गेले.

कारखान्याचा मॅनेजर अडून बसला. वीसच्या वीस 'चालतं' पाहिजे, नाहीतर करार नाही. साहेब माझ्याकडे आला. "तेवढ्या तीन ओळींचं बघून घे." मी पेट्यांचे फोटो मागवले. तीच पेटी, तेच लेबल, तोच मॉडेल नंबर. मी तीनदा 'चालतं' टाइप केलं आणि तक्ता पाठवून दिला. खाली नेहमीप्रमाणे छापलेलं होतं: तपासणारे, आणि पुढे अप्पांचं नाव. मनात शंकासुद्धा आली नाही. उलट काम झटक्यात उरकलं म्हणून मी सगळ्यांसाठी चहा मागवला.

मंगळवारी सकाळी फोन आला. त्या तीन मागांवर दोन दिवस निघालेल्या सगळ्या चादरी वाया गेल्या होत्या. अप्पा नुकतेच अक्कलकोटहून परतले होते. त्यांनी फक्त विचारलं, "कुटले तीन?" साहेबाने नंबर सांगितले. अप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारणार. विचारलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

त्यांच्या जुन्या मोपेडवरून आम्ही चिंचोळीला पोचलो. कारखान्याच्या गेटपाशी एक पन्नाशीचा माणूस डब्याची पिशवी घेऊन भिंतीला टेकून उभा होता. ते तीन माग त्याच्याकडे होते. मॅनेजर आम्हाला आत नेता नेता म्हणाला, "यानंच स्पीड वाढवला असणार. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय."

अप्पा चालता चालता थांबले आणि वळून गेटकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

शेडमध्ये त्यांनी चपला काढल्या आणि माग सुरू करायला सांगितला. चादरीवर कमळं यायची होती. कमळं येत होती, पण उभी ताणलेली, पडवळासारखी. अप्पा अनवाणी उभे राहून नुसतं कापडाकडे बघत राहिले. पत्र्याची शेड, मे महिना, पण ते हलले नाहीत. मग माग थांबवला, पेटी उघडली आणि मला म्हणाले, "वाच."

मी आतल्या चिपवरचा नंबर वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. पेटी नवी होती, लेबल नवं होतं, आतला जीव जुना होता. बाकीचे सतरा चौसष्ट बिटांचे, हे तीन बत्तीस बिटांचे. आमचा रनटाइम ओळखीच्या चिपवर सगळा प्रोग्राम आधीच तिच्या भाषेत उतरवून ठेवतो, म्हणून सुसाट चालतो. ही चिप त्याच्या ओळखीची नव्हती. अशा वेळी तो एकेक ओळ वाचतो आणि तिथल्या तिथे अर्थ सांगतो. चुकत नाही, बंद पडत नाही, फक्त उशीर करतो. पण माग कुणासाठी थांबत नाही. नवी ओळ आली नाही की तो जुनीच पुन्हा विणतो. म्हणून कमळांची पडवळं झाली होती.

अप्पा उठले. मॅनेजरला म्हणाले, "आदी त्या मानसाला आत बोलवा."

"त्याचं नंतर बघू, आधी..."

"आदी त्याला बोलवा. त्याची चूक न्हाय. चूक तक्त्यात हाय, आन् तक्त्याखाली माजं नाव हाय."

कारागीर आत आला. अप्पा त्याच्याशी गिरणीत शिकलेल्या तेलुगूत बोलले; काय ते मला कळलं नाही, पण त्याने डब्याची पिशवी खाली ठेवली. मॅनेजरने साहेबाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तुमच्या माणसाने न बघता लिहून दिलं, तो स्वतः कबूल करतोय, म्हणाला. साहेब आधीच पेटलेला. फोनमधून आवाज आला, "अप्पा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुमचं आता वय झालं. उद्यापासून घरी बसा."

अप्पा म्हणाले, "बरं."

एवढंच. वही त्यांच्या खांद्याला, पिशवीत होती. एक पान उलटून दाखवलं असतं तर त्यावर त्यांच्या अक्षरात तीन ओळी होत्या, 'बघितलं न्हाय, बघितलं न्हाय, बघितलं न्हाय.' त्यांनी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. आणि मी, एरवी चारचौघांत गोड बोलणारी, शेजारी उभी राहून पेटीतल्या पंख्याकडे बघत होते. मॅनेजर "ठीक आहे, मग" म्हणून फोन बंद करायला निघाला, तेव्हा कुठे मी बोलले.

"साहेब, तक्ता मी भरला. अप्पा इथे नव्हते. त्यांनी 'बघितलं नाही' असंच लिहिलं होतं. मी न बघता 'चालतं' केलं."

साहेबाने "ऑफिसला ये" म्हणून फोन ठेवला. अप्पा मात्र तोवर कारागिराला घेऊन मागापाशी बसले होते. दोघांनी मिळून मागाचा वेग उतरवत उतरवत निम्म्यावर आणला, आणि हळूहळू पडवळ आखडत गेलं, गोल झालं, कमळ झालं. त्या दोघांच्या तोंडावर जे समाधान आलं ते बघून मला वाटलं, आपण कधी कुठलं काम असं केलेलं नाही. अप्पांनी वही काढली आणि तिसऱ्या रकान्यातल्या तीन ओळी खोडून शेजारी लिहिलं, 'चालतंय. उशिरा.'

परतीच्या वाटेवर ते एका रसवंतीपाशी थांबले. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग वही का नाही काढली?"

त्यांनी ग्लास हातात फिरवला. "ती मोरांची चादर हाय न्हवं? गिरणीत दुसऱ्या मागावरची माळ आली हुती. मालकानं इचारलं, ह्या मागावर चालंल का? म्या म्हटलं, चालंल. चढवून बघितली न्हाय. ह्या मागाला दोरं उचलायचे आकडे कमी, वरचा भाग विनलाच न्हाय. चाळीस चादरी निघाल्या बिनडोक्याच्या. लग्नाची आर्डर हुती. मालकानं मागावरच्या मानसाला काढला. मी तितंच हुतो, ह्या अंतरावर. जीब टाळूला चिकटली बघ. त्यो काय बोलला न्हाय, नुसतं माज्याकडं बघितलं. आन् बायकापोरं घिऊन गाव सोडून गेला. कुटं गेला, लई हुडकलं, न्हाय घावला." मग माझ्या ग्लासकडे बोट केलं. "पी की. बर्फ इतळतोय."

मी रडायला लागले. रसवंतीवाल्याला वाटलं असेल, बापाने पोरीला रागावलं.

साहेबाने मला दोन महिने धारेवर धरलं, पण काढलं नाही. अप्पांची त्याने माफी मागितली. चिंचोळीचं गिऱ्हाईक वर्षभर टिकलं आणि मग दुसरीकडे गेलं. कारागीर अजून तिथेच आहे.

पुढे दोन वर्षांनी अप्पांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. साहेब म्हणाला, तुम्ही नुसते बसा, कान आणि पाय आहेत ना, पोरं बघतील आणि तुम्हाला सांगतील. अप्पांनी मान हलवली. "मला दिसत न्हाय तर 'बघितलं' कसं लिहू?" त्याच आठवड्यात त्यांनी पांजरपोळाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. जाताना मोरांची चादर यंत्रांवर तशीच ठेवली आणि पिशवीतली वही काढून माझ्या टेबलावर.

आता तक्ता मी ठेवते. तिसऱ्या रकान्यावरून माझी आणि साहेबाची दर महिन्याला जुंपते. ऑफिसात मी चपला काढून बसते, पायाला काही कळत नसलं तरी.

ती वही मी घरी आणून उलटीकडून उघडली होती. शेवटच्या पानावर यंत्रं नव्हती, माणसं होती. सगळ्यात वर, फिकट झालेल्या शाईत, 'मी. गिरणी. चालत न्हाय.' ती ओळ खोडायला माझा हात शिवशिवला, पण त्यांच्या वहीत मी कोण खोडणार? खाली साहेबाचं नाव, इतरांची नावं, कुणापुढे काय, कुणापुढे काय. आणि तळाशी माझं. त्यापुढे पहिल्या दिवसाची नोंद, 'चटणी. बघितलं न्हाय.' तिच्यावर एक आडवी रेघ मारलेली. आणि रेघेखाली, थोड्या वाकड्या अक्षरात:

'चिंचोळी. मंगळवार. ऊन लई. चालती. उशिरा, खरं चालती.'